दहाव्या आरोपीचा कागद

१२ जानेवारी १९२५, सोमवार. संध्याकाळ उतरत असताना मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या परिसरात एका मोटारीला मागून दुसऱ्या मोटारीने धडक दिली. पुढच्या मोटारीत मुंबईतील धनाढ्य तरुण व्यापारी अब्दुल कादर बावला, त्यांचे व्यवस्थापक मॅथ्यू आणि मुमताज बेगम होती. मागच्या मोटारीतून उतरलेल्या माणसांनी मुमताजला ओढून काढण्याचा प्रयत्न केला. बावला आडवे आले, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मॅथ्यू जखमी झाले. मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही गोरे लष्करी अधिकारी तिथे पोहोचले. त्यांतील लेफ्टनंट सिगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर धावून गेले, स्वतः गोळ्यांनी जखमी झाले, पण त्यामुळे हल्लेखोरांपैकी काही जण जागीच सापडले आणि मुमताज वाचली. बावला मात्र वाचले नाहीत.

मुमताज ही इंदूर दरबारातली नर्तिका. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयात ती अनेक वर्षे होती आणि तिथून निसटून मुंबईत आली होती. पकडलेली माणसे इंदूरची निघाली, आणि मुंबईच्या एका टेकडीवरचा खून पाहता पाहता दिल्ली, शिमला आणि लंडनपर्यंत पोहोचला. ठाकूरद्वारहून ती टेकडी चालत अर्ध्या-पाऊण तासावर. गिरगावातल्या जुन्या पिढीने या खटल्याच्या गोष्टी घराघरांत सांगितल्या. कोहिनूर फिल्म कंपनीने त्याच वर्षी होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट या प्रकरणावरून काढला. खटला इतका चर्चेत होता की पडद्यावर यायला वर्षही लागले नाही.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो आणि ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी जमणाऱ्या तीन-चार समानधर्मी मंडळींबरोबर जुन्या खटल्यांचे कागद शोधू लागलो. आमच्यातला एक वकिलाकडे कारकून होता, एक शाळामास्तर, एक छापखान्यात खिळे जुळवणारा. अशा माणसांना आपल्याकडे ‘हौशी’ म्हणतात. या लेखाचा विषय बावलांचा खून जितका आहे तितकाच या हौशी माणसांच्या हाती लागणारा आणि न लागणारा कागद हाही आहे.

नऊ आरोपी

हा खून ‘न उलगडलेला’ आहे असे म्हटले की जाणकार लगेच हरकत घेतात. ती बरोबरही आहे. आरोपी पकडले गेले, खटला उभा राहिला, निकाल लागला, फाशी झाली. मुंबई शहरातील खुनाचे खटले त्या काळी हायकोर्टाच्या फौजदारी सेशनमध्ये ज्यूरीपुढे चालत. शहराचे स्वतंत्र सेशन कोर्ट १९४८ साली आले. न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर नऊ जण उभे होते. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा होते. बचावाच्या वकिलांत वेलिणकर, कलकत्त्याहून आलेले जे. एम. सेनगुप्ता आणि मुंबईचे बॅरिस्टर महंमदअली जीना ही नावे होती. इंदूरच्या लष्करातील ॲडज्युटंट जनरल सरदार आनंदराव फणसे यांचे वकीलपत्र जीनांकडे होते. मे १९२५ मध्ये निकाल लागला. तिघांना फाशी, फणसे यांच्यासह चौघांना काळे पाणी, दोघे निर्दोष. अपील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि फेटाळले गेले.

एवढे सगळे झाले तरी एका प्रश्नाला हात लागला नाही. या नऊ जणांपैकी कोणाचेही बावलांशी वैर नव्हते. मुमताजला परत नेण्यात त्यांचा स्वतःचा काही स्वार्थही दिसत नव्हता. मोटार, पिस्तुले, मुंबईतला मुक्काम, हा सगळा खर्च कोणाच्या तरी तिजोरीतून झाला असणार. मग हुकूम कोणाचा?

हा प्रश्न मुंबईच्या कोर्टाने सोडवायचा नव्हताच. संस्थानिक ब्रिटिश हिंदुस्थानच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर होते. त्यांच्यावरच्या गंभीर आरोपांची चौकशी करायची तर हिंदुस्थान सरकारने १९२० साली ठरवून दिलेल्या पद्धतीप्रमाणे खास चौकशी आयोग नेमावा लागे. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले, आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६च्या अखेरीस महाराजांनी गादी सोडली. सोडताना त्यांची भूमिका अशी होती की मलबार हिलच्या प्रकरणाशी आपला जो संबंध जोडला जातो त्याची यापुढे चौकशी होणार नाही, या समजुतीवर आपण राज्यत्याग करीत आहोत. गादी अल्पवयीन पुत्र यशवंतराव यांच्याकडे गेली.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुकोजीरावांवर आरोप ठेवला गेला नाही, सिद्ध झाला नाही, आणि खोटाही ठरला नाही. हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे शंभर वर्षे लोकांनी या मोकळ्या जागेत आपापल्या मनाने निकाल लिहिले. कोणी महाराजांना थेट खुनी ठरवले, कोणी ब्रिटिशांच्या कारस्थानाचा बळी ठरवले, कोणी म्हटले की दरबारातल्या उतावळ्या मंडळींनी मालकाला खूश करण्यासाठी परस्पर हा उद्योग केला. तिन्ही तर्कांना जागा आहे, कारण दहावा आरोपी पिंजऱ्यात आलाच नाही. तो एक माणूस होता, अनेक होते, की कोणीच नव्हते, हे ठरवणारी चौकशीच झाली नाही.

बडोदे आणि इंदूर

अशी चौकशी होणे अशक्य होते असे नाही. पन्नास वर्षे आधी ती एकदा झाली होती. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष मिसळल्याचे प्रकरण घडले. संशय थेट मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. सरकारने सहा जणांचा आयोग नेमला. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, तीन युरोपियन आणि तीन हिंदी सभासद. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन यांना बोलावले गेले. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि शेवटी आयोग सरळ दुभंगला. तीन युरोपियन सभासदांना आरोप सिद्ध वाटला, तिघा हिंदी सभासदांना नाही. सरकारने मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले, पण कारण दिले ते राज्यातील गैरकारभाराचे.

न्याय झाला का, हा वाद आजही घालता येतो. पण वाद घालता येतो, हीच मोलाची गोष्ट आहे. आयोगाचे कामकाज त्या काळीच छापून आले. कोणी काय सांगितले, कोणाची साक्ष उलटतपासणीत कुठे कोसळली, हे वाचून आजचा वाचक स्वतःचे मत बनवू शकतो. १८७५चा निकाल दुभंगलेला आहे, पण त्यामागे कागद आहे. १९२६चा निकाल वरवर पाहता स्वच्छ आहे, महाराज गेले, प्रकरण मिटले. त्यामागचा कागद मात्र जन्मालाच आला नाही.

आमच्या शोधाला इथून वेगळे वळण मिळाले. सुरुवातीला आम्हीही इतर सगळ्यांसारखे ‘हुकमाचा कागद’ शोधत होतो. एखादे पत्र, एखादी तार, एखादी खर्चाची नोंद. हळूहळू लक्षात आले की असा कागद खुनाच्या आधी लिहिला गेला असेलच असे नाही, आणि असलाच तर तो जपून ठेवणारा मूर्ख कोण? पण चौकशी थांबवण्याचा निर्णय मात्र कागदाशिवाय घेता येत नाही. सरकारला टिपणे लिहावी लागतात, कायदेशीर सल्ला घ्यावा लागतो, लंडनला कळवावे लागते. खुनाची पावले पुसता येतात, पण चौकशी थांबवणारे कागदी घोडे धावले की त्यांच्या टापा उमटतातच.

एक खून, चार गावे

या टापा कुठे कुठे उमटल्या, हे नवख्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण कोणत्याही जुन्या खटल्याचा माग काढणाऱ्याचे घोडे प्रथम इथेच अडते.

पहिले गाव मुंबई. पोलिसांची फिर्याद, पंचनामा, प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढची प्राथमिक चौकशी, तिथून हायकोर्टाच्या सेशनकडे सोपवलेला खटला, अशी कागदांची वाट असे. शहरातल्या संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर हा आणखी एक अधिकारी असे. त्याचे कोर्ट पुढे बंद झाले. पोलीस कमिशनर केली सरकारच्या गृहखात्याला जे कळवीत ते सरकारी दप्तरात गेले. हे दप्तर म्हणजे १८२१ साली सुरू झालेले सचिवालयाचे रेकॉर्ड ऑफिस, आजचे महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. ते काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे.

दुसरे गाव दिल्ली. संस्थानांचा कारभार पाहणाऱ्या परराष्ट्र व राजकीय खात्याच्या फाईली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यांतल्या पुष्कळ फाईली आता ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येतात. चाळीच्या गॅलरीत बसून व्हाइसरॉयच्या खात्यातले टिपण वाचण्याचा योग आमच्या पिढीला आला, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. इतर सगळ्या तक्रारी करताना मी ती विसरत नाही.

तिसरे गाव लंडन. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर. आणि चौथे गाव इंदूर. होळकर दरबाराचे जे कागद राहिले ते संस्थान विलीन झाल्यावर मध्य भारतातून मध्य प्रदेशाच्या वाट्याला आले.

यांतल्या तिसऱ्या गावाची एक उपकथा आहे. १९४७ साली सत्तांतर जवळ आले तेव्हा राजकीय खात्याचे प्रमुख सर कॉनरॅड कॉरफिल्ड यांनी संस्थानिकांच्या खासगी वर्तनाविषयीचे गोपनीय कागद निवडून जाळून टाकण्याचे काम सुरू केले. हे कागद नव्या सरकारच्या हाती पडले तर राजेलोकांना कोंडीत पकडण्यासाठी वापरले जातील, अशी त्यांची भीती होती. जवाहरलाल नेहरूंनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. तोवर बरेच कागद राख झाले होते, चार टन हा आकडा अनेक पुस्तकांत येतो. उरलेल्यांपैकी काही लंडनला गेले, काही दिल्लीत राहिले. बावला प्रकरणाशी निगडित फाईली दिल्लीच्या सूचीत आजही सापडतात, म्हणून तर शोध शक्य होतो. पण कोणती फाईल ठेवायची आणि कोणती जाळायची हे ज्यांनी ठरवले, ते त्या फाईलींतल्या गोष्टींचे तटस्थ साक्षीदार नव्हते. चौकशी न करण्याचा निर्णय ज्या खात्याने राबवला, त्याच खात्याने पुढे कागदांची निवड केली. जळालेली फाईल कोणत्याही अर्जावर मागता येत नाही.

‘कोणत्या विद्यापीठाचे?’

आता जे कागद जळाले नाहीत त्यांच्याविषयी. आमच्या गटातल्या प्रत्येकाने कधी ना कधी एखाद्या खिडकीपाशी हा प्रश्न ऐकला आहे, ‘कोणत्या विद्यापीठाचे?’ कोणत्याच नाही म्हटले की ‘मार्गदर्शक कोण?’ मार्गदर्शकही नाही म्हटले की खिडकीतला माणूस गोंधळतो. त्याच्या छापील फॉर्ममध्ये आमच्यासाठी रकानाच नसतो. एका कार्यालयात मला शिफारसपत्र आणायला सांगितले. पत्र आणले तर ‘हे साहित्यसंस्थेचे आहे, इतिहाससंस्थेचे आणा’ असे उत्तर मिळाले. तो कारकून वाईट नव्हता. त्याला नेमून दिलेल्या नियमात आम्ही बसत नव्हतो, एवढेच.

नियम काय म्हणतो? केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात, राष्ट्रीय अभिलेखागारात सोपवलेले तीस वर्षांहून जुने, गोपनीय नसलेले कागद ‘बोनाफाईड’ संशोधकाला उपलब्ध करून देता येतील असे म्हटले आहे. सगळी मेख या एका शब्दात आहे. बोनाफाईड म्हणजे प्रामाणिक हेतूचा. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ संस्थेच्या ओळखपत्राचा असा होतो. हेतू कागदावर दिसत नाही, शिक्का दिसतो.

माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा याबाबतीत अधिक मोकळा आहे. अर्जदार कोण आणि त्याला माहिती कशासाठी हवी हे विचारताच येत नाही. त्याच्या आठव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. वीस वर्षांपूर्वी घडलेल्या घटनेविषयीची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे तीन अपवाद सोडता, द्यायलाच हवी असे ते सांगते. १९२५च्या खुनात ‘तपासाला अडथळा येईल’ हे कारण टिकत नाही. ‘फाईल सापडत नाही’ हे उत्तर तर कायद्याच्या अपवादांत कुठेच बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की कागद सापडत नसेल तर तो शोधण्याचा कसून प्रयत्न आणि गरज पडल्यास चौकशी व्हायला हवी. पण न्यायालयांच्या स्वतःच्या दप्तराला हा मार्ग लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी निकाल दिला की न्यायालयीन कागदांच्या नकला त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, माहितीच्या अधिकारात नाही. खटल्याशी संबंध नसलेल्या माणसाने त्यासाठी कारण देऊन अर्ज करायचा. म्हणजे पुन्हा ‘तुम्ही कोण आणि कशासाठी?’ हा प्रश्न आलाच.

मराठी इतिहाससंशोधनाला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना आपले इतिहाससंशोधन या प्रश्नाला दिलेल्या उत्तरातूनच उभे राहिले. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि सामान्य देशी अभ्यासकाला तिथे प्रवेश नव्हता. मग या लोकांनी काय केले? काशीनाथपंत साने यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू करून खासगी घराण्यांतले कागद छापायला घेतले. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. राजवाडे तर गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवीत फिरले, त्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड १८९८चा. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. सरकारी दार बंद होते म्हणून ही माणसे घरोघरीच्या दारांशी गेली. यांतल्या एकाकडेही आजच्या अर्थाने संशोधक असल्याचे ओळखपत्र नव्हते.

पुढे जदुनाथ सरकार यांच्या पाठपुराव्याने पेशवे दप्तराचे दार किलकिले झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ भाग १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले. काम डोंगराएवढे होते. पण ती निवड एकाच हाती सोपवावी हे पुण्याच्या मंडळातल्या अनेकांना रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप नुसता मत्सराचा म्हणून सोडून देता येणार नाही. आत जाणारा एक माणूस कितीही मोठा असला तरी तो त्याला महत्त्वाचे वाटते तेच बाहेर आणतो. दार सगळ्यांना उघडणे आणि एका विश्वासू माणसाला किल्ली देणे, यांत फरक आहे.

आणि गंमत पाहा, या दप्तरांभोवती फिरणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न खुनाचाच होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारणारे गारदी सगळ्यांना ठाऊक होते. रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला. पण ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, आनंदीबाईंनी खरेच ‘ध’चा ‘मा’ केला का, हे सांगणारा मूळ कागद आज उपलब्ध नाही. मारेकरी माहीत, हुकूम वादग्रस्त, कळीचा कागद गायब. शनिवारवाडा आणि मलबार हिल यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण खुनाची घडण तीच. फरक एवढाच की नारायणरावांच्या वेळी एक न्यायाधीश सत्ताधाऱ्याच्या तोंडावर निवाडा सांगायला उभा राहिला. १९२६ साली तशी वेळच येऊ दिली गेली नाही.

दुसरी बाजू

दार उघडा असे म्हणताना दार लावून ठेवणाऱ्यांची सगळीच कारणे पोकळ आहेत असे नाही. लंडनमध्ये १८८८ साली ‘जॅक द रिपर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अज्ञात खुन्याने बायकांचे खून केले. त्या प्रकरणाचा पाठपुरावा करणारे निवृत्त पोलीस अधिकारी ट्रेव्हर मॅरियट यांनी विशेष शाखेच्या त्या काळातल्या जुन्या वह्या पाहण्याची मागणी केली. पोलिसांनी नकार दिला. २०११ मध्ये प्रकरण माहिती-न्यायाधिकरणापुढे गेले. पोलिसांचे म्हणणे असे की वह्यांत खबऱ्यांची नावे आहेत. शंभर वर्षांनीही ती उघड झाली तर आजचा खबऱ्या आमच्यावर विश्वास कसा ठेवील? न्यायाधिकरणाने पोलिसांचे म्हणणे मान्य केले. मला हा निकाल पटत नाही, कारण सव्वाशे वर्षांची मुदतही पुरत नसेल तर मुदत या शब्दाला अर्थ उरत नाही. पण त्यामागची काळजी खोटी म्हणता येत नाही.

आमच्या बाबतीत ही काळजी मुमताज बेगमच्या रूपाने समोर येते. या प्रकरणावर इतके लिहिले गेले, सिनेमा निघाला, आणि बहुतेक ठिकाणी ती एक सुंदर नाचणारी बाई, एवढीच उरली. कोर्टातली मुमताज वेगळी आहे. चेहऱ्यावरच्या जखमा घेऊन ती साक्षीला उभी राहिली. इंदुरात आपल्यावर कसा पहारा असे, तिथे झालेली आपली मुलगी दायांनी मारली, हे तिने भर न्यायालयात सांगितले. वजनदार वकिलांच्या उलटतपासणीला ती पुरून उरली. त्या काळच्या दरबारी नर्तिकेचे स्वतःच्या तोंडचे इतके सविस्तर बोलणे सरकारी नोंदीत क्वचितच सापडते. आमच्या मते या खटल्याचा सगळ्यांत मोलाचा कागद तोच, हुकमाचा नव्हे. आणि तो मुळात जाहीर आहे. वर्तमानपत्रांनी तेव्हा साक्षी रकानेच्या रकाने छापल्या. पण सरकारी फाईलींत तिच्याबद्दल खासगी, कुजबुजीच्या पातळीवरचा मजकूरही असतो, पोलिसांनी तिच्यावर नजर ठेवून लिहिलेला. तो वाचायला मिळावा असे मी म्हणतो, पण तो जसाच्या तसा छापण्याचा हक्क मला आहे असे म्हणत नाही. आमच्या गटाने स्वतःपुरता एक नियम केला आहे. सत्ता चालवणाऱ्याने लिहिलेले सगळे सांगायचे. ज्याच्यावर पाळत होती त्याचे, त्याने स्वतः सांगितले तेवढेच सांगायचे.

पत्रकार धवल कुलकर्णी यांनी २०२१ मध्ये या प्रकरणावर इंग्रजीत एक सविस्तर पुस्तक लिहिले. विद्यापीठाबाहेरचा माणूस चिकाटीने काय उभे करू शकतो याचा तो चांगला दाखला आहे. मराठीत असे काम व्हायचे तर एका माणसाच्या चिकाटीवर विसंबून भागणार नाही. कागद कुठे आहे, कोणत्या विभागात, कोणत्या नियमाखाली मिळतो, याची साधी मराठी मार्गदर्शिका हवी. आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही सध्या तेच करतो आहोत, आणि ती तयार होईल तेव्हा ज्याला हवी त्याला फुकट मिळेल.

घरातले दप्तर

शेवटी आमच्या ठाकूरद्वारविषयी. सरकारी दप्तराचे दार उघडावे म्हणून आपण अर्ज करतो, पण आपल्याच घरातले दप्तर आपल्या डोळ्यांदेखत जाते आहे. गिरगावच्या चाळींतून दोन-तीन पिढ्या हायकोर्टात कारकून, सॉलिसिटरांकडे टंकलेखक, पोलीस कोर्टात मुन्शी, छापखान्यांत जुळारी म्हणून कामाला गेल्या. १९२३ साली काकासाहेब खाडिलकरांनी सुरू केलेले ‘नवाकाळ’ इथलेच, गिरगावातले. या लोकांच्या ट्रंकांत अपिलाच्या पेपरबुकांच्या जास्तीच्या प्रती, कात्रणांच्या वह्या, साक्षीच्या टिपणांचे कागद पडून होते. आमच्या छापखान्यातल्या मित्राच्या आजोबांनी बावला खटल्याची कात्रणे हिशेबाच्या जुन्या वहीत खळीने चिकटवून ठेवली होती. प्रत्येक कात्रणाखाली तारीख बारीक अक्षरात. ती वही आज आमच्या कामाचा कणा आहे, कारण कोर्टातल्या कागदाची नक्कल मिळेपर्यंत कोण कधी काय बोलले याचा धागा तीच देते.

मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी ठाकूरद्वारच्या काही जुन्या इमारती रिकाम्या झाल्या. बाकीच्यांपैकी अनेक पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. घर रिकामे करताना माणूस भांडी, फोटो आणि देव नेतो. कागदाची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. कॉरफिल्डने जाळले ते हेतूने. आपण देतो ते किलोच्या भावाने. परिणाम सारखाच.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात आजोबा-पणजोबांची ट्रंक असेल तर ती विकण्याआधी उघडून पाहा. त्यांत कोर्टाचे कागद असतील, जुन्या खटल्याची पेपरबुके असतील, नुसती कात्रणे असतील, तरी ती एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा. त्यांत कोणत्या खुनाचा उलगडा दडला आहे असे मी म्हणत नाही. बहुधा नसेलच. पण चौकशी कुठे थांबली, कोणी थांबवली आणि त्या वेळी साधी माणसे काय वाचत, काय जपून ठेवत होती, हे सांगणारा एखादा कागद त्यांत असू शकतो. दहावा आरोपी आता कोणत्याच कोर्टात उभा राहणार नाही. त्याच्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेवर, पुरावा नसताना नाव लिहिण्यापेक्षा ती रिकामी का राहिली हे लिहिणे जास्त खरे आहे. त्यासाठी लागणारा कागद मात्र कोणत्याही खिडकीवर ‘तुम्ही कोण?’ हे न विचारता मिळायला हवा.